वाचकांचे प्रश्न : तिन्ही ठिकाणी ४२४ व्होल्ट

प्रश्न (एक वाचक, सातारा) : फेंडर कंपनीच्या चॅम्प ५एफ१ या ॲम्प्लिफायरच्या आराखड्यावरून मी गिटारसाठी लहान व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बांधला आहे. त्यात एक १२एएक्स७ आणि एक ६व्ही६जीटी असे दोन व्हॉल्व्ह आहेत. ५वाय३ हा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) व्हॉल्व्ह न मिळाल्याने त्या जागी १एन४००७ डायोड लावले, आणि ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० (मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना ३०० व्होल्ट) व ६.३ व्होल्टचा वाइंडिंग करून घेतला. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर ३४० च्या आसपास व्होल्ट अपेक्षित असताना मला ४२४ मिळतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या कपॅसिटरवरही नेमके तेवढेच. ट्रान्सफॉर्मर पुन्हा करून घ्यावा का?

उत्तर : ट्रान्सफॉर्मरला हात लावण्याची घाई करू नका. मोजताना व्हॉल्व्ह बसवलेले होते की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. परंतु तुमच्याच आकड्यांवरून ते कळते. पहिल्या आणि दुसऱ्या कपॅसिटरच्या मध्ये १० किलोओहमचा, तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये २२ किलोओहमचा रोधक आहे. रोधकाच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज असेल, तर त्यातून प्रवाह वाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. ३०० ला १.४१४ ने गुणले की ४२४ येतात, म्हणजे कपॅसिटर विनाभार शिखरमूल्यापर्यंत भरून थांबले आहेत. एक तर व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये नव्हते, किंवा होते पण तापलेले नव्हते.

व्हॉल्व्ह बसवूनही आकडे असेच राहिले, तर आधी हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार, पाहा. ६व्ही६ चा हीटर २ आणि ७ क्रमांकाच्या पिनांवर असतो. १२एएक्स७ मध्ये ४ आणि ५ या पिना एकत्र जोडून ६.३ व्होल्ट त्या जोडीला आणि ९ क्रमांकाच्या पिनेला द्यावे लागतात. पुष्कळजण ते ४ आणि ५ यांच्यामध्ये देतात, तिथे १२.६ व्होल्टची गरज असल्याने हीटर निम्म्याच व्होल्टेजवर राहतो आणि कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) पुरेसा तापत नाही.

आता निरोगी ॲम्प्लिफायरमध्ये काय दिसावे ते सांगतो. १२एएक्स७ च्या प्रत्येक अर्ध्या भागातून सुमारे ०.९ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो. त्यामुळे प्लेटच्या (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागाच्या) १०० किलोओहमच्या रोधकावर ९० व्होल्ट आणि १.५ किलोओहमच्या कॅथोड रोधकावर १.३५ व्होल्ट दिसतात. दोन्ही भागांचा मिळून १.८ मिलिॲम्पिअर प्रवाह २२ किलोओहममधून जाताना सुमारे ४० व्होल्ट घटतात. १० किलोओहममधून याखेरीज ६व्ही६ च्या स्क्रीनचा (प्लेटच्या अलीकडच्या जाळीचा) अडीचएक मिलिॲम्पिअर जातो, म्हणून तिथेही चाळीसहून थोडे अधिक व्होल्ट घटतात. अशा रीतीने ३४० नंतर साधारण २९७ आणि २५७ हे आकडे यायला हवेत. तिसऱ्या ठिकाणी समजा ६० च मिळाले, तर २२ किलोओहममधून ९ मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह वाहत आहे. १०० किलोओहमचे रोधक पुढे असताना १२एएक्स७ एवढा प्रवाह घेऊच शकत नाही, तेव्हा गळका किंवा उलटा जोडलेला कपॅसिटर शोधावा. मला स्वतःला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण तार न तोडता प्रत्येक रोधक आपल्याला प्रवाह सांगत असतो.

तुमची काळजी एका बाबतीत मात्र रास्त आहे. भार पडल्यावर ४२४ व्होल्ट खाली येतील, पण सिलिकॉन डायोडमध्ये ५वाय३ इतकी घट होत नसल्याने ते ३९० च्या आसपास थांबण्याची शक्यता आहे. ६व्ही६जीटी ची प्लेट-मर्यादा जुन्या माहितीपत्रकांत ३१५ व्होल्ट आणि १२ वॅट अशी दिली आहे. पुरवठा ३४० व्होल्टचा असताना ४७० ओहमच्या कॅथोड रोधकावर १९ व्होल्ट दिसले तर एकूण ४० मिलिॲम्पिअर होतात. स्क्रीनचा वाटा वजा करून प्लेट आणि कॅथोड यांच्यातील सुमारे ३११ व्होल्टने गुणले की ११.७ वॅट येतात, म्हणजे आपण मर्यादेच्या काठावर पण आत असतो. ३९० व्होल्टवर हाच हिशेब १५ वॅटच्या पुढे जातो आणि प्लेट लाल होऊ लागते. म्हणून पहिल्या कपॅसिटरनंतर १.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रोधक आणि त्यापुढे आणखी एक कपॅसिटर बसवा, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जोडणी या नव्या कपॅसिटरवर घ्या. ४५ मिलिॲम्पिअरला तिथे ५४ व्होल्ट घटतील. शिवाय गुणगुणही कमी होईल.

डायोडमुळे वीज चालू करताच, व्हॉल्व्ह तापण्यापूर्वीच, सर्व कपॅसिटरांवर पूर्ण व्होल्टेज चढते. घरचा पुरवठा २३० ऐवजी २४५ असला तर ४२४ चे ४५२ होतात, आणि ४५० व्होल्टचा कपॅसिटर तिथे अपुरा पडतो. ३५० व्होल्टचे दोन १०० मायक्रोफॅरड कपॅसिटर एकापुढे एक जोडून प्रत्येकावर २२० किलोओहमचा रोधक लावावा. प्रत्येक बाजूला १एन४००७ देखील दोन-दोन घ्यावेत, कारण एकावर सुमारे साडेआठशे व्होल्टचा उलटा ताण येतो.

आणि कळकळीची विनंती अशी की, प्लग काढल्यावरही लगेच आत हात घालू नका. ४२४ व्होल्टला भरलेल्या ४७ मायक्रोफॅरडमध्ये चार जूलहून अधिक ऊर्जा असते. इन्सुलेटेड क्लिपने १० किलोओहम, ५ वॅटचा रोधक कपॅसिटरला काही सेकंद लावून ठेवा, मग मीटरवर शून्य पाहूनच डाग द्यायला घ्या. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. तो लख्ख पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.

प्रश्न (एक वाचक, मडगाव) : माझ्याही अशाच ॲम्प्लिफायरमध्ये हीटरला ७.१ व्होल्ट मिळतात. चालतील का?

उत्तर : नाही. ६.३ च्या दहा टक्के वरखाली, म्हणजे ५.७ ते ६.९, एवढीच मुभा असते. ६व्ही६ चे ०.४५ आणि १२एएक्स७ चे ०.३ मिळून तुमचा भार ०.७५ ॲम्पिअर आहे. वाइंडिंग ३ ॲम्पिअरचे असेल तर एवढ्या हलक्या भाराला ते जास्त व्होल्टेज देणारच. हीटरच्या प्रत्येक तारेत ०.४७ ओहम, २ वॅटचा एकेक रोधक सिरीजमध्ये टाका, ०.७ व्होल्ट घटून ६.४ उरतील. मोजणी मात्र दोन्ही व्हॉल्व्ह बसवून, ते पुरते तापल्यावरच करा.