मिथकं माणसाची ओळख कशी घडवतात आणि त्याचं ज्ञान कसं जपतात?

जेजुरीचं उदाहरण घेऊ. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, चंदनपुरीच्या धनगरांची. लोककथेत आणखी तिघी येतात: शिंपीण, माळीण आणि चंदाई (तिला कुणी तेलीण म्हणतं, कुणी बागवान). म्हणजे एवढ्या जातींचा हा जावई! ‘देव आमचा आहे’ यापेक्षा ‘देव आमचा जावई आहे’ हे नातं फार वेगळं. त्यात हक्क आहे, थट्टा आहे, मानपानही आहे.

बाणाईसाठी देव धनगरवाड्यावर चाकर म्हणून राहिला. मेंढरं धुवायला नेली आणि खडकावर आपटून मारली. लग्नाचं वचन मिळाल्यावर जिवंत केली. मेंढरं वळणाऱ्याने ही गोष्ट ऐकली की आपलं रोजचं काम देवानेही केलंय, हे त्याला कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोघी सवतींची भांडणं वाघ्या-मुरळी जागरणात रंगवून गातात. मला तर तो स्थायिक वाणी आणि भटका धनगर यांच्यातला जुना वादच वाटतो, फक्त घरगुती बोलीत मांडलेला. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाशेजारी आहे, बाणाईचं देऊळ मात्र चढणीच्या वाटेत. पायऱ्या चढताना कुणाची जागा कुठे, हे आपोआप कळतं.

ज्ञानाचं म्हणाल तर धनगरी ओव्या ऐका. गावं, नद्या, चराईच्या वाटा, पावसाची वाट पाहणं, सगळं त्यात येतं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहिलं.