तारेचं नाव : हात घालण्याआधी

तार वळवून नाव करायचंय, तर पहिल्याच नावाला तांब्याची तार नको. देखणी दिसते, पण महाग पडते आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होऊन तुटते. (मंद लाल होईपर्यंत तापवून गार केली की पुन्हा मऊ होते, पण ते पुढचं.) २ मिमीची ॲल्युमिनियमची तार घ्या. बोटांनी वळते आणि आकारही धरते.

नाव कागदावर हव्या त्या मापात लिहा, रेघेवर दोरा फिरवून लांबी मोजा, वर वीतभर जास्त धरा.

इंग्रजी जोडून लिहिलेलं (कर्सिव्ह) अक्षर एका तारेत सरळ निघतं. देवनागरीत मात्र हात उचलावाच लागतो, खरी गोची तिथेच. माझी पद्धत अशी: 'रमा' करायचंय, तर 'र'च्या शेपटीपासून सुरू करून तार वर न्या. मग शिरोरेघेच्या जागेवरून आडवी 'म'पर्यंत सरकवा आणि खाली उतरा. काना करताना तार खाली जाऊन त्याच वाटेने परत येते, तो दुहेरी भाग पकडीने दाबून एकजीव करा. शेवटी शिरोरेघेवर वेगळी सरळ तार ठेवून बारीक तारेचे घट्ट वेढे द्या. मोडी येत असेल तर मजाच आहे, ती मुळात सलग लिहायची लिपी.

पकडीचे दात ॲल्युमिनियमवर हमखास उमटतात, म्हणून तोंडाला चिकटपट्टी गुंडाळा. गोलाई तर पकडीने करूच नका, मार्कर पेनाभोवती वळवा. आणि 'श्रीकृष्ण' सध्या राहू द्या.