२२ होते, तर २२च लिही

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला आणि झोप लागेपर्यंत मी तो चार वेळा वाचला. युवक मंडळाच्या बैठकीला २२ जण आले. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "ताई, अहवालात १५० टाका, मंडळाचं नाव होईल. फोटोत बॅनर नीट आलाय, माणसं कोण मोजतंय?" तू त्याला हो म्हणाली नाहीस आणि नाहीही म्हणाली नाहीस. तेव्हापासून तो कागद तुझ्या पिशवीत पडून आहे, आणि आता तू मला विचारतेस की हे स्वयंसेवकाचं वर्ष अर्ध्यावर सोडू का.

अगं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर्ष सोडायचं की नाही, ते तुझं तू बघ. अहवालाचं मात्र मी सांगते. २२ होते, तर २२च लिही.

तू छान काम करतेस, धीर धर, असलं काही मी लिहिणार नाही. खोटं लिहायला तुझा हात धजत नाही म्हणून तर तो कागद चार दिवस पिशवीत राहिला. तेवढं मला पुरे आहे, पुढचं बोलू.

हे वर्ष असंच असतं. पहिले दोन महिने पाय जमिनीवर नसतात. मग पेरण्या लागतात आणि बैठकीला चिटपाखरू फिरकत नाही. दिवाळीनंतर जरा जम बसतो, तोवर बरोबरीच्या मुली पोलीस भरतीच्या मैदानावर पळायला लागलेल्या असतात आणि घरात कुणीतरी विचारतंच, पाच हजारांसाठी पदवी घेतलीस का? ते मानधन आहे, पगार नाही, आणि या सेवेच्या जोरावर सरकारी नोकरीवर हक्क सांगता येत नाही. फॉर्म भरतानाच तू हे वाचलं होतंस. तू ज्यात आहेस ती सरकारची स्वयंसेवकांची योजना, राष्ट्रीय युवा कोर, २०१०-११ मध्ये सुरू झाली तेव्हा मानधन अडीच हजार होतं. तिच्या आधीच्या राष्ट्रीय सेवा स्वयंसेवक योजनेत आम्ही होतो, तेव्हा तर एसटीच्या भाड्यालाच निम्मे पैसे जायचे. पैशाची ओढाताण मला कळते. पण तू सोडायचं म्हणतेस ते पैशासाठी नाही. तुला त्या १५० चा राग आलाय, आणि तो राग कुणावर काढावा हे सुचत नाही, म्हणून तू तो वर्षावर काढतेस.

तू लिहिलंस, "एवढ्याशा आकड्यानं कुणाचं काय बिघडतं?" या वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

माझं वर्ष १९९३-९४ चं. मराठवाड्यातला तालुका, साक्षरतेचे वर्ग. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतून मोहिमा निघाल्या. अंगावर काटा यायचा तेव्हा. आपल्यालाही ते करायचंय, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तीन भागांचं पुस्तक, साधारण २०० तासांचं शिकणं, आणि शेवटी परीक्षा. बायकांचा वर्ग समाजमंदिरात, संध्याकाळी सातला.

पहिल्या आठवड्यात सातच बायका आल्या. वहीत नावं ३० जणींची होती. मी ७ लिहिले, लाज वाटत होती तरी लिहिले. आणि लिहिले म्हणूनच रोज तो ७ माझ्यासमोर यायचा. शेवटी मी घरोघर गेले. साताला चुली पेटलेल्या, भाकरी तव्यावर, सासू ओट्यावर. त्या वेळेला कोणती बाई पाटी घेऊन निघणार? वर्ग साडेनऊला केला, जेवणं झाल्यावर, आणि दोन कंदील जास्त आणले. सातच्या १९ झाल्या. पहिल्याच दिवशी मी ३० लिहिले असते तर मला काहीच दिसलं नसतं. ३० आल्या म्हटल्यावर कुणाच्या दारात जायचं?

तुझे २२ मला असेच सांग. त्यात मुली किती? तू पुढे लिहिलं आहेस, सहा. तांड्यावरून कुणीच नाही. बैठक कुठे झाली? पारावर, संध्याकाळी. आता तूच सांग, सहा का आल्या आणि तांडा का आला नाही. हे सगळं २२ मध्ये आहे, १५० मध्ये यातलं काही नाही. २२ होते तर २२च लिही, आणि खाली त्या सहांचं वेगळं लिही.

त्याच वर्षी भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं झोपली होती, आणि पहाटे चार वाजायच्या जरा आधी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं, ती झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारी, सास्तूर ही नावं तू ऐकली असशील. हजारो माणसं गेली. तिसऱ्या दिवशी मी उमरगा तालुक्यातल्या एका गावात पोचले आणि माझ्याकडे मोजायचं काम आलं. कुटुंब किती, त्यात माणसं किती, कांबळी किती. रात्री पाऊस. बॅटरी तोंडात धरून मी यादी लिहायची. एक म्हातारे आजोबा यादीतून सुटले, कारण मी त्यांना त्यांच्या पुतण्याच्या घरात धरलं होतं आणि पुतण्या लेकराबाळांना घेऊन सासुरवाडीला निघून गेला होता. त्या रात्री आजोबा पोत्यावर बसून होते. काही बोलले नाहीत. सकाळी मी यादी घेऊन परत गेले तेव्हा त्यांचे हात गारठलेले होते, ते मी धरून बघितले. एका माणसाचा हिशेब चुकला तर तो कुठे जाऊन पोचतो, हे मी त्या दिवशी हातात धरून बघितलं.

आणि तरीही पाच महिन्यांनी मी खोटं लिहिलं. कांबळी मोजणारा हातच त्या दिवशी खोटं लिहून मोकळा झाला. हे मी फार थोड्यांना सांगितलंय.

वर्गात एक बाई होती, पस्तिशीची, तीन लेकरांची आई. दिवसभर कापूस वेचून बोटांना चिरा पडलेल्या, त्यात खडूची भुकटी जाऊन बसायची. तिच्या नावात ळ होता. त्या ळ ला आठ दिवस लागले. तो नेहमी उलटा पडायचा, मग ती पदराच्या टोकानं पाटी पुसायची आणि पुन्हा काढायची. ज्या दिवशी नाव जमलं त्या दिवशी तिनं ते समाजमंदिराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं आणि आम्ही कुणी ते पुसलं नाही. त्या वर्षातला माझा सगळ्यात मोठा आनंद तोच. मी सगळ्या बायकांना सांगितलं, "आता कुणीही अंगठा लावायचा नाही. सही करायची."

पण तिला येत होती ती फक्त सही. पुस्तकाचा दुसरा भाग तिचा अर्धाही झाला नव्हता. मार्च आला, माझं वर्ष संपत आलं, परीक्षेची यादी द्यायची होती. मला कुणी दमात घेतलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मला वाटलं, एवढी धडपडली बिचारी, तिचं नाव राहिलं तर तिला काय वाटेल. आणि खरं सांगायचं तर, माझा आकडा जरा कमी पडत होता. तिचं आणि आणखी पाच जणींचं नाव मी तिन्ही भाग पूर्ण केलेल्यांत घातलं. परीक्षेच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून उत्तरं सांगितली. गावाचं काम झालं असं धरलं गेलं, वर्ग बंद झाला, कंदील दुसऱ्या गावाला गेले.

दोन वर्षांनी ती मला बाजारात भेटली. पिशवीतून एक कागद काढला, घडीवर फाटलेला. "ताई, हे वाचा जरा." ते हक्कसोडपत्र होतं. बाप गेल्यावर भावांनी बोलावून घेतलं, साडीचोळी केली, आणि कागद पुढे ठेवला. वडिलांच्या वाट्यात लेकीचा हिस्सा १९५६ च्या कायद्यानंच आहे, पण तो आहे हे तिला कोण सांगणार? लिहिणाऱ्यानं विचारलं, सही येते का? ती म्हणाली, येते. अभिमानानं म्हणाली असणार. अंगठा असता तर कागद वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा प्रघात असतो, ओळखीचं माणूस उभं करतात. सही करणारीला कुणी वाचून दाखवत नाही. तिला वाचता येतं असंच धरतात.

ती माझ्यावर रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "तुमीच तर म्हन्ला व्हता ताई, आता अंगठा लावू नगा म्हनून."

कागदावर तिची सही होती. ळ सरळ होता.

एवढ्याशा आकड्यानं कुणाचं काय बिघडतं, हे आता मला पुन्हा विचार.

तेव्हापासून मी हट्टी झाले. लोक आडमुठी म्हणतात, म्हणोत. पुढे एका संस्थेत मुलींच्या शिवणवर्गाचं काम माझ्याकडे होतं. २५ मुलींनी नाव घातलं, पूर्ण केलं नऊ जणींनी. मी ९ लिहिले. बरोबरच्या दोघांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की पंधरा-सोळा तरी लिही, नाहीतर पुढच्या वर्षीचा पैसा येणार नाही. मी नाही ऐकलं. पैसा आला नाही. वर्ग बंद झाला, मशिनं गेली, आणि त्या नऊपैकी चौघींचं पुढचं शिक्षण तिथेच थांबलं. त्यातल्या एकीची आई आजही मला पाहून रस्ता बदलते.

तुला वाटेल, हे मी तुला कशाला सांगते, हे तर माझ्याच विरुद्ध जातं. सांगते, कारण उद्या कुणीतरी तुला हेच सांगणार आहे, की खरं लिहून गरिबाचंच नुकसान होतं. होतं. कधी कधी होतं, मी पाहिलंय. पण १६ मुली का गळाल्या ते त्या संस्थेत कुणी विचारायलाच तयार नव्हतं. त्यांना वर्गापर्यंत यायला सोबत नव्हती, दुपारच्या एसटीची फेरी बंद झाली होती. मी १६ लिहिले असते तर पुढच्या वर्षीही २५ जणींनी नावं घातली असती आणि नऊच उरल्या असत्या, आणि पुढे दरवर्षी तेच. मी बरोबर होते. त्या आईला मी हे समजावू शकले नाही, तिनं ऐकायचं काही कारणही नव्हतं. पण मी बरोबर होते. माझी चूक एकच, ९ लिहिले तेव्हा एसटीचं मी खाली लिहिलं नाही. नुसता आकडा टाकून रागानं उठले. ते तू करू नकोस. कमी का, ते लिही. जागा नसेल तर मागच्या बाजूला लिही. वेगळा कागद जोड.

आणि तू त्या अध्यक्षाला सरळ 'नाही' का म्हणाली नाहीस? याचा मला राग आलाय, लपवत नाही. पोरगा तुझ्याच वयाचा. त्याला मंडळाचं नाव व्हावं असं वाटतं, ते वाईट नाही. त्याला सांगायचं होतंस की पुढच्या महिन्यात आपण दोघं तांड्यावर जाऊ, खरेच पन्नास आणू आणि पन्नास लिहू. तो कदाचित आला असता. तू गप्प बसलीस आणि कागद पिशवीत टाकून घरी आलीस, म्हणजे त्यालाही वाटलं की चालतं हे. गप्प बसणं फार सोपं आहे गं. मीही मार्चमध्ये गप्पच बसले होते, स्वतःशीसुद्धा.

तुझ्याकडे एक साधी वही ठेव, अहवालाच्या कागदाशी तिचा संबंध नको. किती वाजता सुरू झालं, किती वाजता उठले, कोण कुठल्या वस्तीवरून आलं, कोण येतो म्हणून आलं नाही, पाऊस होता का, लग्न होतं का, टँकर त्याच वेळेला आला का. शंभरेक गावांचा तालुका आणि तुम्ही स्वयंसेवक दोघं. सगळीकडे तुम्ही पुरणार नाही, पण जिथे गेलात तिथलं तरी खरं उरू दे. तुझ्या जागी पुढच्या वर्षी जी मुलगी येईल तिला बॅनरच्या फोटोचा काही उपयोग नाही. माझ्या जागी जी आली तिच्या हातात मी खोटी यादी ठेवून आले होते. तिला वाटलं, या गावात करण्यासारखं काही उरलं नाही. ती त्या गावात एकदाही गेली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

वर्ष सोडायचं असलं तर सोड. मी रागावणार नाही, परीक्षा आहेत, घर आहे, मला सगळं कळतं. पण सोडलंस तरी तो कागद आधी दे. आणि वही पुढच्या मुलीला दे.

सोमवारी अहवाल द्यायचा आहे म्हणतेस. त्याआधी मला फोन करू नकोस, माझ्या धाकानं लिहिलेलं मला नको. देऊन झाल्यावर कर. आणि त्या सहा मुलींची नावं मला सांग, कोणत्या घरातल्या, कोणत्या इयत्तेत आहेत ते. कागद-पेन घेऊन बसते.

तुझी,
ताई