मुंबईची खोली भावाच्या नावावर करताना 6 टक्के भरायचे का?

प्रश्न असा: बाबा गेले, परळला त्यांच्या मालकीची 380 चौरस फुटांची खोली आहे, ती मुंबईतल्या भावाच्या नावावर करायची, तुम्ही मालवणात. मुद्रांक शुल्क 6 टक्के का?

नाही हो. 6 टक्के खरेदीखताला. (बाईमाणसाच्या नावावर घर घेतलं तर त्यातही 1 टक्का सवलत.) तुम्ही आणि आईने पैसे न घेता हक्कसोडपत्र (आपला वारसाहक्काचा वाटा सोडल्याचा दस्त) केलंत तर ऑक्टोबर 2024पासून मुद्रांक 500 रुपयांचा, आधी 200चा होता. नोंदणी फी वेगळी. भावाकडून रक्कम घेणार असाल तर मात्र आधी वकील गाठा.

खरा घोळ नावांचा. आमच्याकडे दाखल्यावर ‘गणू’, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर ‘गणपत’; दोन्ही एकच हे पटवायला चतुर्थी ते शिमगा गेला. कागद आजच जुळवा.

मालमत्ता कराची धास्ती नको. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला 1 जानेवारी 2022पासून माफी आहे, पण फूट चटईक्षेत्राचे, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचे मोजतात. सोसायटीचा मेंटेनन्स सुटत नाही. आणि गावच्या घराची घरपट्टी ग्रामपंचायतीची, तिथल्या नमुना 8वर (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) नाव वेगळं लावावं लागेल.