वहीतल्या उभ्या रेघा

"मॅडम, मी विश्वासणारी आहे. रोज वचन वाचते, प्रार्थना करते. तरी मला एवढी काळजी वाटते. म्हणजे माझा विश्वास खोटाच आहे का?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला कितीतरी ख्रिस्ती लोकांनी विचारला आहे. बहुतेक जण तो खाली मान घालून विचारतात. त्यांतल्या एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई संडेस्कूलच्या शिक्षिका. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला होता. ते वाचले, पुन्हा कामावरही जाऊ लागले. पण ताईंची झोप उडाली. रात्री तीनला जाग यायची. मग यजमानांच्या नाकापाशी हात धरून श्वास चालू आहे ना, हे बघायचं. एकदा बघून भागायचं नाही. छातीत धडधड, हातांना कंप, आणि उजाडेपर्यंत टक्क जागं राहणं.

प्रार्थनासभेत हे बोलून दाखवलं तेव्हा एका वडीलधाऱ्या भगिनीने सांगितलं, "काळजी म्हणजे अविश्वास. पाप म्हणून कबूल करा, सुटका होईल." ताईंनी ते मनापासून पाळलं. पर्समधून त्यांनी एक छोटी वही काढून माझ्यासमोर ठेवली. डाव्या पानावर वळणदार अक्षरात बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन, चौथ्या अध्यायातलं सहावं: 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.' उजव्या पानावर उभ्या रेघा. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. दिवसभरात जितक्यांदा काळजी वाटली तितक्या रेघा, आणि रात्री झोपण्याआधी प्रत्येक रेघेबद्दल क्षमा मागायची. अशी पानंच्या पानं भरली होती. ती बघताना माझ्या पोटात कालवलं. शांती देण्यासाठी लिहिलेल्या वचनाने ही बाई स्वतःवर पहारा ठेवत होती.

पहिल्या भेटीत मी घाई केली. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौलच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (११:२८) सर्व मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, चिंता आपल्याला रोज ग्रासते असं लिहितो, आणि मूळ ग्रीकमध्ये तिथे 'मेरिम्ना' हाच शब्द आहे, ज्याच्या क्रियापदाने तो फिलिप्पैकरांना चिंता करू नका म्हणतो, हे मी त्यांना समजावलं. त्याच फिलिप्पैकरांच्या पत्रात (२:२०) आपला सहकारी तीमथ्य तुमची खरी काळजी करील असं कौतुकाने म्हणताना तेच क्रियापद येतं, हेही सांगितलं. म्हणजे हा शब्द म्हणजे सरसकट पाप नव्हे. ताईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पौलाची काळजी मंडळ्यांसाठी होती, मॅडम. माझी माझ्यापुरती आहे."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. नुसत्या माहितीने अपराधीपणा जात नाही.

दुसऱ्या भेटीत मी त्यांनाच ते वचन मोठ्याने वाचायला सांगितलं. वहीत अर्धंच उतरवलेलं होतं, म्हणून पवित्र शास्त्र उघडून पूर्ण. "...तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा."

"यात काय करायला सांगितलंय?"

"काळजी करू नका."

"ते काय करू नका, ते झालं. करा काय म्हटलंय?"

त्यांनी पुन्हा वाचलं. "मागणी कळवा."

"मग या सहा महिन्यांत तुम्ही कोणती मागणी कळवलीत?"

बराच वेळ गेला. मी मध्ये बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "मी फक्त क्षमाच मागत होते."

त्यानंतर जे बाहेर आलं ते वहीत कुठेच नव्हतं. झटका आला त्या रात्री यजमान म्हणाले होते, छातीत जळजळतंय. ताई दमलेल्या होत्या. "ॲसिडिटी असेल, झोपा," म्हणून त्या कुशीवर वळल्या. तासाभराने यजमान घामाने निथळत उठून बसले. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, देवालासुद्धा नाही. रात्री तीनला नाकापाशी धरलेला तो हात कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. त्या एका रात्री झोपून गेल्याची भरपाई त्या रोज जागून करत होत्या. छातीतल्या जळजळीला ॲसिडिटी समजण्याची चूक पुष्कळांची होते, खुद्द रुग्णांचीही, एवढं मी त्यांना सांगितलं.

माझं ठाम मत आहे की 'काळजी पाप आहे' एवढंच सांगून माणसाला परत पाठवलं, तर तो काळजी सोडत नाही, लपवायला शिकतो. आणि जे लपवलं ते प्रार्थनेत येत नाही. स्तोत्रकर्ता १३व्या स्तोत्रात दोनच ओव्यांत चार वेळा 'कोठवर' असं विचारतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचं शिष्यांना उघड सांगितलं आणि मग हा प्याला दूर कर अशी स्पष्ट मागणी केली. पुढे 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' आलं, पण मागणी गिळून नव्हे.

झोप आणि धडधडीसाठी मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी घ्यायला त्या कचरत होत्या. आम्ही राजे पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय काढला. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. खायला देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. ताईंनी तो भाग दोनदा वाचला आणि गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. काही आठवड्यांत झोप सुधारली.

यजमानांना सांगणं मात्र राहिलं होतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (७:५-६) पौल लिहितो की बाहेर भांडणं, आत भीती अशी आपली दशा होती, आणि देवाने सांत्वन केलं ते त्याचा सहकारी तीत याच्या येण्याने. एक माणूस आला, ते सांत्वन. मी विचारलं, "तुमचा तीत कोण?" त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या भेटीला आल्या तेव्हा बसण्याआधीच म्हणाल्या, "सांगितलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, मलाही ॲसिडिटीच वाटली होती."

हे सांगताना त्या रडल्या. मग वही उघडून दाखवली. उजव्या पानावर रेघा अजून होत्या, त्या आठवड्यात नऊ. पण प्रत्येक रेघेपुढे आता एकेक ओळ लिहिलेली होती. शेवटची अशी: 'प्रभू, आज ते जिना चढताना थांबले. त्यांना सांभाळ. मला भीती वाटते.'