आंबियाची संत्री आलीत, आता केक करच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, ऑफिसमधून आल्यावर कशातच मन लागत नाही, रविवार कधी संपतो कळत नाही, आणि बेकिंग शिकायचंय पण सुरुवात कुठून करू. तर सुरुवात संत्र्यापासून कर आणि ती याच महिन्यात कर. दिवाळी झाली, इथे नागपुरात संध्याकाळी स्वेटर लागायला लागलाय आणि कळमन्याच्या मार्केटात आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या झाडांचा, माल उतरतोय. हा डिसेंबरपर्यंतच, मग मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, संत्री थेट फेब्रुवारीकडे, ती जास्त गोड असतात पण केकला मला आंबियाच आवडतो, थोडा आंबट असतो ना, तो साखरेपुढे दबत नाही.

पुण्यात घेताना साल दाबून बघ. सैल, सहज सुटणारी साल म्हणजे आपलं नागपुरी, आणि घट्ट चकचकीत सालीचा, भरपूर बियांचा तो किन्नू, संत्र्याची दुसरी जात. साल हिरवट दिसली म्हणून सोडू नकोस, पिवळा रंग रात्रीच्या गारव्याने चढतो, आत फळ पिकलेलं असू शकतं. एखादं सोलून खायला माग, देतात.

आता महत्त्वाचं. संत्री कोमट पाण्याने चोळून धू, पुसून घे आणि सोलायच्या आधीच बारीक किसणीवर वरची नारिंगी साल किस, हलक्या हाताने, कारण खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आला. तीन संत्र्यांचा कीस पाऊण कप साध्या साखरेत घाल (पिठीसाखर नको) आणि बोटांनी चोळत बस. सालीतलं तेल साखरेचे दाणे खेचून घेतात, साखर ओलसर होते आणि वास असा सुटतो की सगळा फ्लॅट भरून जातो. हे काम घाईत उरकू नकोस गं, मला तर सगळ्या केकमध्ये हीच पाच मिनिटं सगळ्यात आवडतात, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, तसंही चिकट हातांनी धरता येणार नाही.

रस ऐनवेळी काढायचा, अर्धा कप. आधी काढून ठेवला तर कडू होत जातो, आणि बिया चिरडल्या तर अजूनच, म्हणून मिक्सर नको, हाताने पिळ. मग त्यात अर्धा कप दही, अर्धा कप तेल आणि ती साखर फेटून घे, दीड कप मैदा, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ चाळून मिसळ. सोडा आंबटात गेला की लगेच गॅस सुटायला लागतो, म्हणून टीन आधीच तयार हवा, ओटीजी (छोटा ओव्हन) १८० अंश सेल्सिअसवर तापलेला हवा, आणि मैदा गेल्यावर फार ढवळायचं नाही. साधारण ४० मिनिटं लागतात, पहिली तीस मिनिटं दार उघडू नकोस.

आणि त्या वेळात भांडी घासत बसू नकोस, मेल तर अजिबात नको. उरलेलं संत्रं घेऊन बाल्कनीत बस, एकेक फोड खा. दुपारी तीनला लावलास तर ऊन मिळेल, नोव्हेंबरचं ऊन अंगावर घ्यायला किती बरं वाटतं, आणि सहा वाजले की अंधार. तू म्हणतेस रविवार कळत नाही, मला वाटतं तू त्यात कुठे बसतच नाहीस, एका कामातून दुसऱ्यात जातेस.

केक गरम कापू नकोस, चुरा होतो. दुसऱ्या दिवशी वास जास्त मुरतो, म्हणून अर्धा सोमवारच्या डब्यासाठी ठेवच. टीन किती इंची आहे ते कळव, सहाचा असेल तर केक जाड होईल आणि दहा-एक मिनिटं जास्त द्यावी लागतील.

तुझी मावशी