पासाउ ते व्हिएन्ना सायकलने: रोज किती किलोमीटर हे नंतर, आधी काठ ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: चौघे जण, दोघे पन्नाशीपुढचे, एरवी रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर चालवणारे. जूनमध्ये आठवडा हाताशी आहे. ऱ्हाइन घ्यावी की डॅन्यूब, रोज किती अंतर ठेवावं आणि सामान कोणी वाहायचं?

डॅन्यूब घ्या, आणि तीही जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत. ऱ्हाइनचा बिंगेन ते कोब्लेन्त्स हा किल्ल्यांचा पट्टा देखणा आहे, पण दरी अरुंद, दोन्ही काठांना रेल्वे आणि मोठा रस्ता, आणि सायकलची वाट बराच वेळ त्या रस्त्यालाच चिकटलेली. पासाउ-व्हिएन्ना साधारण ३२५ किलोमीटर भरतं आणि एवढ्या अंतरात नदी जेमतेम १४० मीटर खाली उतरते. हा उतार पायांना कळत नाही, पण चढही नाहीत हे महत्त्वाचं. वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून असतो, म्हणून पासाउहूनच निघायचं. विमान स्वस्त मिळतंय म्हणून व्हिएन्नाहून उलटं येणारे लोक सपाट रस्त्यावर दमतात ते या वाऱ्यामुळे.

तुमच्यासाठी मुक्काम असे बसतात (आकडे अंदाजे): पासाउ ते श्लोगेन ४२, तिथून लिन्त्स ५५, ग्राइन ६०, मेल्क ५०, क्रेम्स ३८, टुल्न ४५, व्हिएन्ना ३८. थांबत-रेंगाळत ताशी बारा-तेरा किलोमीटर धरा. साठचा दिवस जड वाटला तर लिन्त्स ते माउटहाउझेन हा तुकडा रेल्वेने करा. शहराबाहेर पडण्यात आणि कारखाने ओलांडण्यात तसंही फार काही हाती लागत नाही.

आता काठ. वाट बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंनी आहे आणि पाट्या दोन्हीकडे लावलेल्या आहेत. त्यामुळे चुकायची भीती नसते, पण कंटाळवाणी बाजू निवडली जाण्याची असते. डावा-उजवा मी प्रवाहाच्या दिशेने म्हणतोय.

पासाउहून डाव्या काठाने निघा. योखेनश्टाइनच्या धरणापर्यंत रस्त्याची सोबत आहे. त्यापुढे मोटारी जवळजवळ संपतात आणि झाडीतून शांत वाट सुरू होते. उजवीकडे मात्र मोठा रस्ता बराच वेळ सोबत राहतो. डाव्या काठाची वाट आउ या वस्तीपाशी संपते, कारण इथे नदी डोंगराला वळसा घालून जवळपास उलटी फिरते आणि कडा थेट पाण्यात उतरतो. इथून सायकलींसाठीची छोटी होडी पलीकडे श्लोगेनला नेते. दुसरी होडी त्याच काठाने कडा ओलांडून पुढे ग्राफेनाउला सोडते. या होड्या फक्त हंगामात आणि फक्त दिवसा चालतात. संध्याकाळी सहा-साडेसहाला आउला पोहोचलात तर खोली पलीकडे दिसतेय आणि जायला सोय नाही, अशी गत होते. मग बरंच मागे जाऊन पूल गाठावा लागतो. पाच युरोच्या नोटा आणि नाणी जवळ ठेवा. संध्याकाळी जमलं तर श्लोगेनमागच्या पायवाटेने वळणाच्या वरच्या कठड्यावर चालत जा. नदीचं ते वळण खालून कळतच नाही.

श्लोगेन ते आशाख उजव्या काठाने, आशाखचा पूल ओलांडून ओटेन्सहाइमपर्यंत डाव्या काठाने. पुढे लिन्त्सपर्यंतचे नऊ-दहा किलोमीटर गजबजलेल्या रस्त्याशेजारच्या पट्टीवरून आहेत. सुंदर नाहीत, सुरक्षित आहेत, उरकून टाका. लिन्त्सनंतर डावाच काठ.

माउटहाउझेनला १९३८ ते १९४५ नाझी छळछावणी होती. तिथलं स्मारक गावाच्या वर टेकडीवर आहे आणि तो सगळ्या प्रवासातला खरा चढ आहे. सायकल ढकलत न्या किंवा खाली कुलूप लावून चालत जा. जायचं असेल तर निम्मा दिवस राखून ठेवा आणि त्या दिवसाचं अंतर कमी करा. साठ किलोमीटरच्या मधोमध धावती भेट देण्यासारखी ती जागा नाही.

ग्राइनपाशी उजव्या काठाला जा, होडीने किंवा गावाआधीच्या पुलावरून. दरी इथे पुन्हा अरुंद होते. डाव्या बाजूला वर्दळीचा रस्ता आहे, उजवीकडे फक्त गावापुरती ये-जा. इब्सपासून मेल्कपर्यंत कोणताही काठ चालेल.

मेल्क ते क्रेम्स म्हणजे वाखाउ: द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, २००० सालापासून जागतिक वारसा. अंतर थोडं आहे म्हणून हा दिवस दुसऱ्या दिवसाला जोडायचा मोह होतो. उलट करा: सकाळ मेल्कच्या मठाला द्या, दुपारी निघा. श्पिट्स, वाइसेनकिर्खेन, ड्यूर्नश्टाइन ही तिन्ही गावं डावीकडे, तिथेच गर्दी आणि गल्ल्यांतले छोटे चढउतारही. उजवा काठ शांत, आणि ड्यूर्नश्टाइन पलीकडून, रोसाट्सहून जास्त चांगलं दिसतं. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या अखेरीस पकडला गेला तो याच गावावरच्या किल्ल्यात डांबला गेला. गावोगावी होड्या आहेत, त्यामुळे काठ हवा तेव्हा बदला. कोणी दमलं तर मेल्क-क्रेम्स मार्गावरच्या प्रवासी बोटी सायकलही घेतात.

क्रेम्सनंतर उजव्या काठाला या. टुल्नच्या अलीकडे त्स्वेन्टेनडॉर्फचं अणुवीज केंद्र लागतं. ते पूर्ण बांधून झालं आणि १९७८ च्या सार्वमतात लोकांनी नाही म्हटल्यामुळे कधीच सुरू झालं नाही. टुल्न ते व्हिएन्ना क्लोस्टरनॉयबुर्गवरून जा; पाऊस असेल तर टुल्नहून लोकल आहे.

सायकल तिथेच भाड्याने घ्या, पासाउला घेऊन व्हिएन्नाला सोडता येणारी. बहुतेक ठिकाणी सात गिअरची, मागच्या चाकाच्या हबमध्येच (मधल्या तुंब्यात) गिअर असलेली सायकल देतात. तिच्यात अनेकदा पॅडल उलटं दाबलं की मागचा ब्रेक लागतो. आपल्याला ही सवय नसते. शिवाय थांबल्यावर पॅडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही. थांबता थांबताच एक पॅडल वर आणून ठेवायचं. नको असेल तर ‘फ्रीव्हील’ असा शब्द बुकिंगमध्येच लिहा. हबचे गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडा, नाहीतर गिअर अडकतो. हँडलवर पुढचा ब्रेक तिथे बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्या स्कूटरच्या नेमका उलट. पहिले दहा मिनिटं रिकाम्या चौकात घालवा.

पंक्चर झालं तर हबवाल्या सायकलीचं मागचं चाक काढायच्या भानगडीत पडू नका. गिअरची तार आणि ब्रेकचा दांडा सोडवून पुन्हा बसवणं रस्त्यात जमत नाही. टायरची एक बाजू उघडा, ट्यूब तेवढीच बाहेर ओढा, ठिगळ लावा. निघण्यापूर्वी ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि दिलेला पंप जुळतोय ना, ते पंप लावूनच बघा.

ई-बाइक पन्नाशीच्या दोघांसाठी ठीक आहे, पण गरज चढासाठी नाही, एखाद्या दिवशी वारा समोरून आला तर त्यासाठी आहे. ती पंचवीस किलोच्या आसपास भरते. स्टेशनच्या जिन्यावर ते वजन आठवतं. दुखतं ते पायांपेक्षा बसायच्या जागी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पॅडेड शॉर्ट्स आत काही न घालता वापरायच्या असतात. घरी तयारी करताना एकदम सत्तर किलोमीटर मारण्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस चाळीस-चाळीस करा.

सामानासाठी कंपनी घ्या, वाटाड्या नको. बॅग सकाळी नऊच्या सुमारास खाली ठेवायची, पुढच्या मुक्कामी मिळते. सायकलवर फक्त रेनकोट, गरम कपडा, पाणी, औषधं आणि पासपोर्ट. पाँचो घेऊ नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं. खोल्या आधीच पक्क्या करा; पेंटेकॉस्ट आणि कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणांच्या जोड-सुट्ट्या मे-जूनमध्ये येतात आणि वाखाउ भरून जातं. व्हिसा ऑस्ट्रियाचा, कारण जास्त रात्री तिथे आहेत. पासाउच्या एका रात्रीने जर्मनीकडे अर्ज जात नाही. विमान म्युनिकला उतरणारं आणि व्हिएन्नाहून परतणारं बघा.

शाकाहारींसाठी एक सूचना: साफ दिसणारं सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यावर केलेलं असतं, त्यात सोडलेला चीजचा गोळा शाकाहारी असला तरी. ऑस्ट्रियन बटाट्याच्या सॅलडमध्येही हेच पाणी घालतात. विचारून घ्या. केझेश्पेट्सले (चीजमध्ये घोळलेल्या पिठाच्या गोळ्या), भाजीचा श्ट्रूडेल आणि जर्दाळूचे उकडलेले गोळे बिनधास्त मागवा, अंडं चालत असेल तर. रविवारी दुकानं बंद, शनिवारी सहाच्या सुमारास मिटतात, आणि छोट्या खाणावळी दुपारी दोननंतर चूल बंद करतात. म्हणून दुपारचं जेवण एकच्या आत. वाइनचं म्हणाल तर सायकलस्वारालाही मर्यादा आहे, रक्तात ०.८ प्रति हजार. 

निघण्याआधीच्या आठवड्यात नदीच्या पातळीवर लक्ष ठेवा. पाणी चढलं की आधी होड्या थांबतात, मग वाट बुडते, आणि ओसरल्यावर गाळ काढेपर्यंत ती बंदच राहते. लिन्त्सच्या पुढे अडलात तर जवळपास कुठे ना कुठे रेल्वे आहे. पासाउ ते आशाख या दरीत ती नाही, म्हणून पहिल्या दोन दिवसांची चौकशी पासाउ सोडण्यापूर्वीच हॉटेलात करून घ्या.